नोंदवहीतले नाव

आपल्या घरांतून मुलगा हुशार निघाला की त्याने डॉक्टर व्हावे आणि मुलगी सेवाभावी निघाली की तिने नर्स व्हावे, ही इच्छा आपण कोकणातून मुंबईस आणि मुंबईहून येथवर बरोबर आणली आहे. आता मात्र काही तरुण म्हणतात, आम्हांला रोग्यास तपासायचे नाही, सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनाचे काम चालवायचे आहे. वडील मंडळींना हे उमगत नाही. पाहणी आखायची, माणसे नेमायची, रक्ताच्या नळ्या वेळेवर पोचल्या की नाही ते पाहायचे, पैशांचा हिशेब द्यायचा. ही तर कारकुनीच झाली! जेथे रोग्याचा हात हाती येत नाही त्या कामास सेवा म्हणावे काय?

म्हणावे, असे आम्हांस वाटते. आपल्याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या हातून सुखरूप सुटलेल्या बाळंतिणींची आठवण आपण काढतो, पण १९४१ साली मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांवर त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, तो फारसा कोणाच्या लक्षात नाही. खाटेवरच्या बाईला वाचवता येते. मात्र शहरात बाळंतिणी कशाने मरतात हे एका खाटेपाशी उभे राहून कळत नाही. त्यासाठी मेलेल्यांचीही विचारपूस करावी लागते. एवढ्यावर हा वाद मिटावा.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. ज्याच्या नोंदवहीत हजारो माणसांच्या रक्ताची हकीकत आहे, त्याने त्या माणसांचे काय देणे लागते? याचे उदाहरण बहारीनचे घेऊ. आपल्याकडची पुष्कळ मराठी माणसे तेथे नोकरीनिमित्त राहिली आहेत, म्हणून नाव तरी परके नाही.

बहारीनमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. (आपल्या विदर्भातील आदिवासींतही तो आहे.) तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, अडकतात आणि रोग्यास असह्य वेदना होतात. आई व बाप या दोघांकडून दोष आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, त्याला आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक या प्रमाणात आजारी मूल होण्याचा धोका असतो.

१९९९ साली तेथील डॉ. शेखा अल अरय्यद यांच्या पुढाकाराने ३८ शाळांतील अकरावीच्या ५,६८५ विद्यार्थ्यांचे रक्त तपासण्यात आले. १.२ टक्के मुलांना आजार होता आणि १३.८ टक्के मुले वाहक निघाली. वाचकहो, टक्केवारी सोडून हा हिशेब माणसांत करून पाहा. सुमारे ७८५ मुलेमुली! सकाळी शाळेत जाताना निरोगी असलेली ही पोरे, प्रत्येकाच्या हाती त्याच्या रक्ताचा निकाल लिहिलेले कार्ड पडले.

आता त्यांतली एखादी सोळा-सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. ती आजारी नाही. पण कार्ड घरात आले, मावशीने वाचले, शेजारणीने ऐकले, की 'मुलीत काहीतरी आहे' एवढेच गावभर होते. स्थळे कशी फिरतात हे आपणांस कोणी शिकवायला नको. मुलाच्या कार्डाची मात्र कोणी वाच्यता करीत नाही, हेही आपणांस ठाऊक आहे.

यावर एक निराळी युक्ती न्यूयॉर्कमध्ये निघाली. रब्बी योसेफ एकस्टीन यांची चार मुले टे-सॅक्सने गेली, तेव्हा त्यांनी १९८३ साली 'दोर येशोरीम' ही संस्था काढली. तेथे तरुणाच्या नावाऐवजी क्रमांक असतो. तू वाहक आहेस असे कोणालाच सांगत नाहीत. स्थळ ठरण्यापूर्वी दोघांचे क्रमांक कळवायचे. दोघेही एकाच रोगाचे वाहक असतील तर ही जोडी जुळत नाही, एवढेच उत्तर मिळते. अब्रू झाकली जाते आणि बाळही वाचते.

युक्ती चांगली खरी. ज्या बापाने चार मुले गमावली त्याच्यापुढे वाद घालण्यास आमची जीभ रेटत नाही. तरीही आमचा कौल बहारीनच्या बाजूने आहे. माझ्या रक्तात काय आहे हे एका कचेरीने जाणावे आणि मी जाणू नये, ही गोष्ट मोठ्या माणसास लहान मूल मानण्यासारखी आहे. शिवाय दोष लपवून ठेवला की तो लाजिरवाणा आहे ही समजूत पक्की होते. वर्गातल्या सात जणांत एक वाहक आहे हे साऱ्या शाळेस कळले, तर कोणी कोणास नावे ठेवावीत?

पण मग काम चालवणाऱ्यावर जास्त भार येतो. कार्ड कोणाच्या हाती द्यायचे, बंद पाकिटात की उघडे, वाहक आणि रोगी यांतला फरक आजीलाही कळेल अशा शब्दांत कोणी लिहायचा, घाबरलेल्या मुलीने कोणाकडे जायचे, हे सारे रक्त काढण्याआधी ठरले पाहिजे. ज्यास हे सुचत नाही त्याने पाहणी हाती घेऊ नये, मग त्याची पदवी केवढीही मोठी असो.

बहारीनने २००४ साली लग्नापूर्वीची तपासणी कायद्याने सक्तीची केली. सक्ती तपासणीची, निर्णयाची नव्हे. १९८४-८५ मध्ये नवजात बालकांत हा आजार सुमारे २ टक्के आढळला होता, तो २०१० पर्यंत ०.४ टक्क्यांच्या आसपास आला. हे यश लहान नाही. तरी सर्व कळूनही, सल्ला ऐकूनही, दोन वाहक लग्न करू शकतात आणि त्यांना कोणी अडवीत नाही. २००७ पासून तेथे नवजात बाळांचे नाळेतले रक्त तपासले जाऊ लागले. अशा जोडप्याच्या बाळाचीही नळी तेथे यायची, आणि ज्याचा सल्ला त्यांनी मानला नाही त्यानेच ती इतरांच्या नळ्यांइतक्याच काळजीने नोंदवायची.