दान कीं ऋण?

दात्याच्या संकल्पावांचून दान होत नाहीं, असें आपल्या घरांतील साध्या धर्मकृत्यांतहि मानलें जातें. उदक सोडल्याखेरीज दिलेली वस्तु दिली असें होत नाहीं. मग ज्यास संकल्प करण्याइतकी समजच आलेली नाहीं, अशा बालकाकडून जगाच्या हितासाठीं कांहीं घेतलें, तर त्यास काय म्हणावें?

एका वैद्यकीय परीक्षेचा वृत्तांत वाचतांना हा प्रश्न मनांत उभा राहिला. लिराग्लुटाइड हें औषध अतिस्थूल मुलांस उपयोगी पडतें काय, हें पाहण्यासाठीं सहा वर्षांवरील व बारा वर्षांखालील ८२ मुलें निवडलीं होतीं. २०२४ सालीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें ५६ मुलांस औषध व २६ मुलांस औषध नसलेलें द्रावण मिळालें. आहार-व्यायामाचें मार्गदर्शन दोन्ही गटांस होतें आणि ५६ आठवडे रोजची सुईहि दोघांस होती. वजनास उंचीच्या वर्गानें भागून येणारा अंक पहिल्या गटांत सरासरी ५.८ टक्क्यांनीं उतरला, तर दुसऱ्यांत १.६ टक्क्यांनीं चढला. मळमळ व वांती यांचा त्रास औषध घेणाऱ्यांस अधिक झाला. आणि औषध थांबल्यावर तो अंक पुनः वाढूं लागला.

आतां त्या २६ मुलांचा विचार करूं. त्यांस टोचलेली सुई त्यांच्यासाठीं नव्हती. कोणी म्हणेल, औषध मिळण्याची संधि प्रत्येकास होतीच. परंतु औषध हितकर कीं अहितकर हेंच जेथें ठरावयाचें होतें, तेथें ती संधि लाभाची कीं हानीची, हें आधीं कोण सांगणार?

१९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेनें प्रयोगविषय होणाऱ्या व्यक्तीची स्वतःची संमति अपरिहार्य ठरविली. ती अक्षरशः पाळली तर बालकांवर प्रयोगच नको. १९६४ च्या हेलसिंकी घोषणेनें पालकाच्या संमतीस वाट दिली. पॉल रॅम्से या अमेरिकन नीतिवेत्त्यानें १९७० सालीं असें प्रतिपादिलें कीं, जो प्रयोग मुलाच्या हिताचा नाहीं, त्यास मुलाच्या वतीनें संमति देण्याचा अधिकार आईबापांसहि नाहीं. रिचर्ड मॅककॉर्मिक या जेसुइट पंडितानें १९७४ सालीं उत्तर दिलें कीं, धोका अत्यल्प असेल तर जें मुलानें करणें उचित आहे, त्यास आईबापांनीं संमति देणें न्याय्य आहे.

मला दोन्ही मतें अपुरीं वाटतात. रॅम्सेचें ऐकावें, तर प्रौढांवर अजमावलेलीं औषधें वैद्य अंदाजानें मुलांस देत राहतील, आणि प्रत्येक मूल हा नोंद नसलेला प्रयोगच होईल. मॅककॉर्मिकचें ऐकावें, तर दुसऱ्याच्या औदार्याचा संकल्प आपण सोडतों. शिवाय स्थूल मुलाचा होकारहि निर्भेळ नसतो. वर्गांत ज्यास रोज चिडविलें जातें, तें मूल “हो” म्हणतें तेव्हां तें कोणाच्या इच्छेनें बोलतें?

म्हणून मी यास दान म्हणत नाहीं. हें ऋण आहे. आणि ऋण म्हटलें कीं ऋणकोचीं कर्तव्यें आपोआप येतात. गरजेपलीकडे व सोसेल त्यापलीकडे घेऊं नये. मुलानें “नको” म्हणतांच थांबावें. आईबापांच्या सहीनें तो नकार पुसला जात नाहीं. औषध गुणकारी ठरल्यास, आणि त्या मुलास तें हवें असल्यास, ज्यानें रिकामी सुई सोसली त्यास तें प्रथम व विनामूल्य मिळावें. वाढत्या देहावर औषधाचा परिणाम काय होतो, हें ५६ आठवड्यांत कळत नाहीं. तेव्हां तीं मुलें प्रौढ होईपर्यंत त्यांची विचारपूस चालावी.

परीक्षा घेऊं नयेत असें माझें म्हणणें नाहीं. परंतु वृत्तांताच्या शेवटीं मुलांचे आभार मानून हिशेब मिटविणें योग्य नव्हे. दात्याचे आभार मानतात. धनकोचें देणें फेडावें लागतें.