दोन दिवसांचा उद्धव

जर्मन फुटबॉलचे वेळापत्रक एखाद्या पंचांगासारखे असते. शुक्रवारी रात्री साडेआठला बुंडेसलिगाचा पहिला सामना. शनिवारी दुपारी एकला दुसऱ्या श्रेणीतले, साडेतीनला पहिल्या श्रेणीतले चार-पाच एकदम, साडेसहाला आणखी एक. रविवारी दुपारी दीडपासून पुन्हा तेच. रूर खोऱ्यातली डॉर्टमुंड, बोखुम, गेल्झेनकिर्शेन, एसेन, डुइसबुर्ग ही शहरे एकमेकांना इतकी खेटून आहेत की रेल्वेने जाणाऱ्याला एक कधी संपले आणि दुसरे कधी लागले हे कळत नाही. डॉर्टमुंडच्या सामन्याचे तिकीट त्या दिवशी परिसरातल्या लोकल गाड्यांतही चालते. त्यामुळे परदेशातून शुक्रवारी उतरणारा आणि रविवारी रात्री परतणारा फुटबॉलवेडा माणूस दोन दिवसांत तीन-चार सामने सहज पदरात पाडून घेतो. यातला एकही संघ त्याचा नसतो. तो मैदाने पालथी घालायला आलेला असतो. अशा सहलीला लोक हौसेने ‘तीर्थयात्रा’ म्हणतात, आणि तो शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की कोणी तो तपासून पाहत नाही. म्हणून प्रश्न विचारायला हवा: ज्याला देव नाही असा माणूस तीर्थाला गेला, तर तो तिथे नेमके काय करतो?

तिथे धर्मासारखे काही आहे, याबद्दल वाद घालण्याची गरज नाही. गेल्झेनकिर्शेनच्या शाल्के या क्लबच्या मैदानाच्या पोटात प्रार्थनामंदिर आहे. तिथे लग्ने लागतात, बाळांचे बाप्तिस्मे होतात. त्याच शहरात 2012 पासून शाल्केच्या समर्थकांसाठी मैदानाच्या आकाराची स्वतंत्र दफनभूमी आहे आणि तिथल्या कबरींच्या जागा 1904 ठेवल्या आहेत, कारण क्लबचे जन्मवर्ष ते. गोल झाला की उद्घोषक खेळाडूचे पहिले नाव पुकारतो आणि आडनाव हजारो कंठ पुरवतात. कीर्तनात बुवांनी चरण सोडावा आणि टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलावे, तसेच. गंमत अशी की डॉर्टमुंडचा क्लब चर्चशी भांडूनच जन्माला आला. 19 डिसेंबर 1909 या रविवारी पवित्र त्रैक्याच्या चर्चच्या युवक मंडळातली काही पोरे एका दारूच्या गुत्त्यात जमली आणि त्यांनी बोरुसिया स्थापन केला. चर्चचे धर्मगुरू ह्युबर्ट डेवाल्ड यांना हे रांगडे चेंडू लाथाडणे मान्य नव्हते. आज तेच चर्च आपण या क्लबची जन्मभूमी असल्याचे अभिमानाने सांगते. बंडखोरांना पुढे संतमालिकेत जागा मिळते, हे आपल्याला नवीन नाही.

पण कर्मकांडाचे साम्य दिसले म्हणून तीर्थ सिद्ध होत नाही. तीर्थ कशाने होते, यावर विसाव्या शतकात सर्वांत प्रभावी मांडणी मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी केली, आणि त्यांच्या 1974 च्या पुस्तकात त्यासाठी पंढरपूरचा आधार आहे: इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख आणि जेझुइट अभ्यासक देलरी यांचा विठोबावरचा ग्रंथ. (कर्वे यांनी डॉक्टरेट केली ती बर्लिनला, तेव्हा पंढरी आणि जर्मनी यांच्यात हा एक धागा आधीपासून आहेच.) टर्नर यांचे म्हणणे असे की यात्रेत माणूस आपल्या रोजच्या पदापासून, घरापासून सुटतो आणि बरोबरच्या माणसांशी एक उघडे, समपातळीवरचे नाते जोडतो. हे मानले तर आपला प्रवासी यात्रेकरूच ठरतो. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये जवळजवळ पंचवीस हजार माणसे उभी असतात. तिथे खुर्च्या नाहीत आणि शेजारी कोण याची चौकशी नाही. मात्र कर्वे यांच्या लेखात एक बोचरी गोष्टही आहे, आणि टर्नर यांनाही ती टाळता आली नाही: एकत्र चालणाऱ्या दिंड्या जेवायला मात्र जातीजातीने वेगळ्या बसत होत्या. म्हणजे समपातळीवरचे नाते हे यात्रेचे स्वप्न आहे, तिचा पाया नव्हे. पाया वेगळाच आहे, आणि आपल्या भाषेने तो कधीच सांगून ठेवला आहे. ‘वारी’ या शब्दाचा अर्थच फेरी, पुन्हा पुन्हा जाणे. एकदा पंढरपूर पाहून आलेला वारकरी होत नाही. गळ्यात माळ घालून नेमाने जाणारा होतो. ज्याला यंदा जमले नाही त्याला रुखरुख लागते. प्रवासी चाहत्याला ही रुखरुख नाही. पुढच्या वर्षी तो डॉर्टमुंडऐवजी हँबुर्गला जाईल, नाहीतर मिलानला. न जाण्याचे पाप ज्याला लागत नाही, त्याला जाण्याचे पुण्य कुठून लागणार?

यावर एक चतुर आक्षेप निघतो, आणि तो गीतेच्या आधाराने निघतो. कोणी म्हणेल, खरा निष्काम तर हा पाहुणाच. समर्थक फळाला चिकटलेला असतो. त्याला विजय हवा, तीन गुण हवेत, शेजारच्या शहराची नाचक्की हवी. पाहुण्याला निकालाशी देणेघेणे नाही, त्याला खेळ हवा. मग अनासक्ती कोणाकडे? युक्तिवाद मोहक आहे, पण तो निष्कामतेचा अर्थ चुकीचा लावतो. ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही त्याच्या उदासीनतेला अनासक्ती म्हणत नाहीत. अर्जुनाऐवजी रणांगणाच्या कडेला उभ्या असलेल्या बघ्याला कोणी गीता सांगितली नसती. 2013 ते 2023 अशी सलग अकरा वर्षे बुंडेसलिगाचे विजेतेपद बायर्न म्युनिकने नेले. उरलेल्या सतरा क्लबांच्या समर्थकांना दर ऑगस्टला ठाऊक असायचे की फळ मिळणार नाही, आणि मैदाने भरत राहिली. 27 मे 2023 ला डॉर्टमुंडला स्वतःच्या मैदानावर माइन्झला फक्त हरवायचे होते. सामना 2-2 असा बरोबरीत सुटला, तिकडे कोलोनमध्ये बायर्नने 89 व्या मिनिटाला गोल केला आणि विजेतेपद गोलफरकावर गेले. त्यानंतर तो पंचवीस हजारांचा स्टँड रिकामा झाला नाही; हरलेल्या खेळाडूंसाठी तो गात राहिला आणि प्रशिक्षक एडिन टेर्झिच त्याच्यासमोर डोळे पुसत उभे राहिले. त्या दिवशी तिथे एखादा पाहुणा असेल तर त्याला अविस्मरणीय नाट्य पाहायला मिळाले. शोक मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. फळाची तीव्र इच्छा असून ते न मिळाल्यावर पुन्हा त्याच जागी उभे राहणारा माणूस निष्कामतेच्या कितीतरी जवळ आहे. पाहुण्याने काही सोडलेले नाही, कारण त्याने काही धरलेलेच नव्हते.

मग तो निव्वळ पर्यटक ठरतो का? मला तसे वाटत नाही, आणि इथे भागवताच्या दहाव्या स्कंधातला उद्धव मदतीला येतो. मथुरेहून कृष्ण त्याला गोकुळात पाठवतो, तो ज्ञान घेऊन. गोपींना समजवायचे आहे की कृष्ण सर्वत्र आहे, विरह हा भ्रम आहे. उद्धवाचे म्हणणे चूक नसते, पण गोपींच्या प्रेमापुढे ते फिके पडते. शेवटी तो मागतो काय, तर वृंदावनात एखादी वेल व्हावे म्हणजे यांच्या पायांची धूळ अंगावर पडेल. तो गोपी होऊ मागत नाही. त्याला आपली जागा कळते: दुसऱ्याच्या भक्तीच्या शेजारी राहणे. आपल्या परंपरेत याला सत्संग म्हणतात आणि ते दुय्यम दर्जाचे साधन मानलेले नाही. प्रवासी चाहत्याकडेही उद्धवाचे ज्ञान असते. शनिवारी डॉर्टमुंड आणि रविवारी गेल्झेनकिर्शेन पाहणाऱ्याला ते दिसते, जे दोन्हीकडच्या निष्ठावंतांना दिसू शकत नाही: पिवळा आणि निळा सोडला तर उत्कटता तीच, गाण्यांची घडणही बरीचशी तीच, पलीकडच्यांबद्दलचा तिटकाराही तोच. तौलनिक धर्मशास्त्राचा धडा रेल्वेच्या अर्ध्या तासात मिळतो. पण सर्व देव एकच आहेत हे कळलेल्याला त्यांतल्या एकापुढेही डोके टेकवता येत नाही, ही त्या ज्ञानाची किंमत. उद्धवाची महती एवढीच की ही किंमत त्याच्या लक्षात आली.

इथे धर्मचिंतक दुसऱ्या बाजूने अडवेल. पॉल टिलिख या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने, ज्याला नाझींनी 1933 मध्ये फ्रँकफुर्टच्या प्राध्यापकपदावरून दूर केले, श्रद्धेची व्याख्या परम आस्था अशी केली आणि जे परम नाही त्याला परम मानणे ही मूर्तिपूजा ठरवली. राष्ट्राचे दैवत झालेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे हा इशारा पुस्तकी नाही. या कसोटीवर चामड्याचा चेंडू कसा टिकणार, आणि असल्या भक्तीच्या सहवासाला सत्संग तरी कसे म्हणणार? सगुणाच्या परंपरेत वाढलेल्याला मात्र मूर्तिपूजा हा शब्द शिवीसारखा ऐकू येत नाही. पार्थिव गणपतीची माती माती आहे हे पूजणाऱ्याला ठाऊक असते. प्रतिष्ठा करतानाच विसर्जनाचा दिवस ठरलेला असतो. फुटबॉलही दर ऑगस्टला गुणतक्ता शून्यावर आणतो. नव्वद मिनिटे सर्वस्व मानलेली गोष्ट शिट्टीनंतर खेळ होती हे मान्य करणे, हाच या पूजेचा विसर्जनविधी. जो समर्थक तो विधी करत नाही, ज्याचे वैर रेल्वे स्थानकापर्यंत आणि तिथून पुढे पोहोचते, त्याला टिलिख यांचा इशारा पुरेपूर लागू आहे. तसे समर्थक जर्मनीत आहेत. गाड्यांबरोबर पोलिसांचा ताफा उगाच जात नाही. आणि एक फरक झाकण्यात अर्थ नाही: वारीला प्रतिपक्ष लागत नाही, फुटबॉलच्या भक्तीला लागतो. पंढरीला जाणारा कोणाच्या विरुद्ध चालत नाही. हा उणेपणा मी मान्य करतो. त्यामुळे फुटबॉलला धर्माची बरोबरी देता येत नाही. पण पाहुण्याच्या बाबतीत तो उणेपणा उलट कामाला येतो, कारण वैर नसलेला तिथे तोच एक असतो.

खरा अवघड आक्षेप पैशाचा आहे. जर्मनीत 1998 पासून क्लबांना व्यावसायिक कंपनी काढता येते, पण पन्नास टक्क्यांवर एक मत क्लबच्या सभासदांकडेच राहिले पाहिजे असा नियम आहे. मोजके अपवाद सोडले तर मालक म्हणून कोणी शेठ येऊन बसत नाही. 2012 च्या डिसेंबरात सुरक्षेच्या नव्या नियमांविरुद्ध देशभरचे स्टँड प्रत्येक सामन्याची पहिली बारा मिनिटे आणि बारा सेकंद गप्प राहिले. लीगने प्रक्षेपणहक्कांच्या उत्पन्नातला वाटा गुंतवणूकदाराला विकायचे ठरवले, तेव्हा 2024 च्या सुरुवातीला मैदानांवर टेनिसच्या चेंडूंचा पाऊस पडला, सामने खोळंबले, आणि फेब्रुवारीत तो बेत गुंडाळावा लागला. पूर्व बर्लिनमध्ये उनियोन या क्लबचे जंगलाकाठचे मैदान 2008-09 मध्ये दोन हजारांहून अधिक समर्थकांनी सुमारे 1,40,000 तासांचे श्रमदान करून नव्याने उभे केले. आता पाहुण्याकडे पाहा. त्याच्या हातात तिकीट आहे, मत नाही. तो जे पाहायला येतो ते इतरांनी सांभाळलेले आहे, आणि तो जितक्या संख्येने येतो तितका हे सांभाळणे महाग करण्याचा मोह वाढतो. भक्तीचे प्रदर्शन झाले की बडव्यांचे राज्य फार लांब नसते, हे पंढरपूरने शतकानुशतके पाहिले. तेव्हा पाहुणा निरुपद्रवी आहे असे म्हणता येणार नाही. पण उपाय त्याला दार बंद करणे हाही नव्हे. तीर्थक्षेत्र अनोळखी माणसाला आत घेते, म्हणून तर ते क्षेत्र. त्याच्यावर ऋण आहे इतकेच, आणि ते तिकिटाच्या पैशांनी फिटत नाही. ज्या स्टँडमध्ये उभे राहायचे तिथे मोबाईल खिशात ठेवावा, गाणे येत नसेल तर टाळी धरावी, बारा मिनिटांचे मौन असेल तर पैसे वाया गेले असे न म्हणता ते पाळावे. उद्धव गोकुळात काही महिने राहिला. याच्याकडे दोनच दिवस आहेत.

या सगळ्या गर्दीत एक माणूस पाहण्यासारखा असतो. स्टँडच्या पायथ्याशी, कुंपणालगतच्या चौथऱ्यावर भोंगा घेऊन तो नव्वद मिनिटे उभा असतो, मैदानाकडे पाठ करून. कोणते गाणे, कधी उचलायचे, केव्हा थांबायचे हे तो ठरवतो. गोल झाला हे त्याला समोरच्या चेहऱ्यांवरून कळते. आषाढीला रांगेत उभे न राहता कळसाला हात जोडून परतणारे वारकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या माणसाचे नवल वाटणार नाही. पाहुण्याला मात्र वाटते, कारण तो खेळ पाहायला इतक्या दूरवरून आलेला असतो. त्या माणसाला सामना न पाहता काय मिळते, हा प्रश्न घेऊन तो रविवारी रात्री विमानतळावर पोहोचतो. शाल्के 2021 मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरले, वर्षभराने वर आले, 2023 मध्ये पुन्हा घसरले, आणि खालच्या श्रेणीतल्या सामन्यांनाही साठ हजारांच्या आसपास लोक येत राहिले. पुढच्या सहलीचे वेळापत्रक चाळताना पाहुण्याचे बोट त्यातल्या एखाद्या सामन्यावर थांबते की नाही, एवढेच पाहायचे उरते.