तुझा बोर्ड तुझ्याच हाती राहावा म्हणून

चि. सोनू हिस,



प्रोजेक्टचा पीसीबी, म्हणजे सर्किटचा छापील बोर्ड, कशात काढू, असं तू विचारलंस. वर्गातला मुलगा महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली कॉपी द्यायला तयार आहे, आणि सर म्हणतात कीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर शिका. सरांचं ऐक. फुकट मिळतं म्हणून मात्र कीकॅड घेऊ नकोस, फुकट तर ती क्रॅक कॉपीही आहे. कारण वेगळं आहे, आणि तुझ्या आत्याची उभी नोकरी बोर्ड काढण्यात गेली म्हणून ते मला सविस्तर सांगावंसं वाटतं.

मी भोसरीत कामाला लागले तेव्हा आम्ही मायलारच्या पारदर्शक शीटवर काळी टेप चिकटवून ट्रॅक काढायचो, दुप्पट आकारात. फॅब्रिकेटर त्याचा फोटो घेऊन निम्म्यावर आणायचा. पुढे संगणक आला, काम दहापट वेगानं होऊ लागलं. आज त्या काळातलं एखादं मशीन बंद पडलं आणि त्यातला एखादा आयसी बाजारात मिळेनासा झाला, तर बोर्डात बदल करावा लागतो. गंमत बघ, टेपच्या शीट भिंग लावून अजून वाचता येतात. त्यानंतरच्या फाइली उघडत नाहीत. ते सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलशिवाय चालत नसे. डोंगल गेला, विकणारी कंपनीही राहिली नाही. सर्किट आमचं, मेहनत आमची, बोर्ड आमच्याच हातात, पण त्याचं चित्र दुसऱ्याच्या कुलपात. मला याचं आजही वाईट वाटतं.

हे जुन्या काळापुरतं आहे असं समजू नकोस. ईगल नावाचं सॉफ्टवेअर १९८८ मध्ये जर्मनीतल्या कॅडसॉफ्टनं काढलं. त्याची लहान बोर्डांपुरती मोफत आवृत्ती होती, त्यामुळे जगभरचे विद्यार्थी आणि हौशी लोक त्यावरच शिकले. आर्डुइनोच्या मूळ बोर्डांच्या फाइलीसुद्धा ईगलमधल्या. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्ककडे गेलं, पुढच्याच वर्षी एकदा विकत घ्यायची सोय संपून वर्गणी सुरू झाली, आणि २०२३ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ७ जून २०२६ नंतर ते बंद. कंपनीला तो हक्क आहे, मी दोष देत नाही. पण एक गोष्ट लक्षात घे. ईगलनं त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी आपली फाइल वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात आणली होती. म्हणून २०१८ मध्ये कीकॅडच्या पाचव्या आवृत्तीला ईगलचे बोर्ड आत घेता येऊ लागले. फाइल वाचता येण्याजोगी होती, म्हणून लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत वाचली.

कीकॅडची फाइलही साधा मजकूरच आहे. तुझा बोर्ड नोटपॅडमध्ये उघडून बघ: हा पॅड इथे, हा ट्रॅक इथून तिथे, जाडी अमुक मिलिमीटर. फाइलीतले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये ठेवलीस तर काल आणि आज यांत काय बदललं तेही दिसेल. आणि सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली असल्यामुळे उद्या आजचे सगळे लोक थांबले तरी कोड कोणीही पुढे नेऊ शकतं.

कीकॅडची सुरुवात १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला, ज्याँ-पिएर शारास या एका अध्यापकानं केली. बरीच वर्षं ते हौशी लोकांपुरतं राहिलं. मग जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेनं त्यात आपले प्रोग्रॅमर घातले. त्यांची अडचण मला फार पटते. सर्न आपल्या इलेक्ट्रॉनिक्सची डिझाइन्स जगाला खुली करत होतं, २०११ मध्ये त्यासाठी खुल्या हार्डवेअरचा परवानाही काढला. पण डिझाइन खुलं असून ते उघडायचं सॉफ्टवेअर लाखोंचं असेल, तर गरीब प्रयोगशाळेनं त्यात बदल करायचा कसा? त्यांच्याच माणसानं लिहिलेला राउटर आज तू वापरशील: नवा ट्रॅक ओढताना आधीचे ट्रॅक अंतर राखून बाजूला सरकतात. मी टेप सोलून सोलून जे करायचे, ते आता माउस हलवताना होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तो ट्रॅक नुसताच इकडेतिकडे फिरवत बसले होते.

आपल्याकडेही कीकॅडच्या आधारानं एक काम उभं राहिलं आहे. पवईच्या आयआयटीच्या फॉसी प्रकल्पानं ईसिम बनवलं. त्यात सर्किट कीकॅडमध्ये काढायचं, एनजीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये चालवून बघायचं, आणि पटलं की बोर्ड पुन्हा कीकॅडमध्येच.

नोकरीचं विचारलंस. मोठ्या कंपन्यांत आल्टियम, केडन्स यांची सॉफ्टवेअर चालतात. खूप लेयरचे, अतिवेगवान सिग्नलचे बोर्ड मोठ्या चमूनं करायचे असतील तर त्यांच्याकडे अजून जास्त सोयी आहेत. ते तुला नोकरीत शिकवतील, बटणं शिकायला फार दिवस लागत नाहीत. डीकपलिंग कपॅसिटर पिनच्या अगदी जवळ का हवा, सिग्नलचा परतीचा करंट ग्राउंडमधून कुठून जातो, हे कळायला मात्र बोर्ड काढावे लागतात, आणि ते कशातही काढलेस तरी कळतं.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. वापरतेस तर थोडं परत दे. हे काही दान नव्हे. सगळ्यांच्या विहिरीतला गाळ ज्यानं त्यानं उपसायचा असतो. तुझ्या प्रोजेक्टमधला एखादा कनेक्टर कीकॅडच्या लायब्ररीत नसेल. डेटाशीट घेऊन त्याचा फुटप्रिंट, म्हणजे बोर्डावरच्या पॅडचा नकाशा, काढ, कागदावर मूळ आकारात छाप, आणि खरा कनेक्टर त्यावर ठेवून बघ. पिना बसतात का? एक नंबरची पिन बरोबर बाजूला आहे का? बोर्ड बनून येईल, चालेल, तेव्हा तो फुटप्रिंट लायब्ररीला पाठव. नावं कशी द्यायची, रेषेची जाडी किती, याचे त्यांचे नियम आहेत. तपासणारा माणूस दोनतीनदा दुरुस्त्या सांगेल. रागावू नकोस, तो स्वतःच्या संध्याकाळी हे काम करत असतो, आणि त्याच्यामुळेच परक्या माणसानं काढलेल्या फुटप्रिंटवर तू विश्वास ठेवू शकतेस. त्या लायब्ररीतले भाग वापरून केलेला तुझा बोर्ड तुझाच राहतो, विकलास तरी.

कधी सॉफ्टवेअरच चुकलं तर नुसतं ‘चालत नाही’ असं कळवू नकोस. आवृत्तीची माहिती मदतीच्या मेनूतून कॉपी होते, ती दे. मोठा बोर्ड पाठवण्यापेक्षा त्यातलं एकेक काढत जा, आणि चूक दाखवणारे चारच भाग उरले की ती फाइल दे. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे क्रमानं लिही. प्रोग्रॅमरचा अर्धा दिवस वाचतो. कमवायला लागलीस की वर्षाकाठी काही पैसेही दे. २०१९ पासून हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, देणगी तिथून घेतात. ज्या कंपनीत जाशील तिथेही हा विषय काढ. लायसन्सवर एरवी लाखो रुपये घालवणाऱ्यांना त्यातला थोडा भाग इकडे द्यायला सांगण्यात संकोच कसला?

बोर्ड झाला की ईआरसी आणि डीआरसी या सर्किटच्या आणि बोर्डाच्या दोन्ही तपासण्या चालव, आणि फॅब्रिकेटरला द्यायच्या आधी गर्बर आणि ड्रिलच्या फाइली मला पाठव. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचं २३० व्होल्टचं अंतर मला स्वतः मोजायचं आहे.

तुझी,
आत्या