मोठ्याने काय म्हणालो, हळू काय म्हणालो



आजचं वाचन: दासबोध, दशक दुसरा, समास दहावा. पढतमूर्ख लक्षण.

खरं सांगू? या समासावर लिहायचं टाळत होतो. याच दशकातला पहिला, मूर्खलक्षणांचा समास वाचताना मला ऑफिसमधले चार-पाच जण आठवतात, मजा येते. दहाव्यात ती सोय नाही. इथे समर्थ शिकलेल्यांकडे वळतात. सगळं ठाऊक असून चुकतो, तो पढतमूर्ख.

बाबा रेवदंड्याला असतात. सकाळी वाडीला पाणी सोडून झालं की एक समास वाचतात, मग मला फोन करतात. गेल्या महिन्यात कळलं, त्यांच्या हृदयाची झडप बदलावी लागणार. डॉक्टर मला म्हणाले, "त्यांच्यासारख्या शंभरातल्या पाच जणांना ऑपरेशन झेपत नाही. पण न करणंही धोक्याचंच." रविवारी गावी गेलो. ओटीवर बसून सांगितलं, "बाबा, शंभरातले पंच्याण्णव जण बरे होऊन घरी येतात." पुढचं "तशी थोडी रिस्क असतेच" हे चहाचा कप उचलता उचलता म्हणालो.

बाबा म्हणाले, "तू बघितलंयस ना सगळं? मग करू या."

एक शब्द खोटा नव्हता. पण हे मी नकळत केलेलं नाही. १९८१ साली काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी विद्यार्थ्यांना एक प्रश्न घातला होता. रोगाने ६०० माणसं मरण्याची भीती आहे, दोन योजना आहेत, एक निवडा. एका गटाला पहिली योजना "२०० नक्की वाचतील" अशी सांगितली, तेव्हा ७२ टक्क्यांनी ती घेतली. दुसऱ्या गटाला तीच योजना "४०० नक्की मरतील" अशी सांगितली, तर २२ टक्क्यांनीच घेतली. आकडे तेच, माणसं तीच वाचणार. आमच्या धंद्यात तर हे रोजचं. बटणावर काय लिहिलं की लोक 'हो' दाबतात, हे तपासायचाच मला पगार मिळतो.

द्रोणपर्वातला प्रसंग आपल्याला पाठ आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला. अश्वत्थामा गेला, या भीमाच्या ओरडण्यावर द्रोणांचा विश्वास बसेना. त्यांनी धर्मराजाला विचारलं, कारण हा खोटं बोलणार नाही. धर्मराज अश्वत्थामा गेला हे मोठ्याने बोलला, हत्ती हा शब्द हळू. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. युद्धात ते योग्य होतं की नाही यावर पुष्कळ वाद आहेत, त्यात मी पडत नाही. माझं काही युद्ध चाललेलं नव्हतं. मला फक्त बाबांचा होकार हवा होता, आणि लवकर हवा होता.

द्रोणांनी धर्मराजालाच का विचारलं, हे आठवलं की "तू बघितलंयस ना?" जास्त टोचतं.

आज सकाळी त्यांचा फोन आला, त्यांनीही हाच समास वाचला होता. म्हटलं, "बाबा, रविवारी एक गोष्ट मी हळू बोललो. शंभरातले पाच जण परत येत नाहीत." ते थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "ते पाच कोण असतात रे? माझ्यासारखे शुगरवाले?"

हे मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. बुधवारी आम्ही दोघं मिळून विचारायला जातोय.