पगारी माणसाची निष्कामता

तंजावरच्या उत्तरेस आठएक मैलांवर, कावेरीच्या काठी वसलेल्या तिरुवैयारु या गावी पौष वद्य पंचमीला कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची आराधना होते, तेव्हा एरव्ही ज्यांची बिदागी ठरविताना आयोजकांच्या तोंडचे पाणी पळते असे नामांकित गायक-वादक एक छदामही न घेता समाधीपुढे भुईवर ओळीने बसतात, आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या पाच रागांतील पंचरत्न कृती एकमुखाने गातात. हा देखावा मोठा हृद्य असतो यात संशय नाही. परंतु त्याच्या पोटी एक प्रश्न दडलेला आहे, आणि भाविकतेच्या भरात तो कोणी उघडून पाहात नाही. वर्षभर मोल घेऊन गाणाऱ्या या मंडळींचे त्या एका सकाळचे गाणे तेवढे निष्काम, आणि उरलेले सारे सकाम व म्हणून उणे, असे मानावयाचे काय?

आपल्या परंपरेचा कल तसे मानण्याकडे आहे, हे नाकारता येणार नाही. हाती तंबोरी घेऊन, रामनाम गात, घरोघरी मिळेल त्या तांदळावर प्रपंच चालविणाऱ्या त्यागराजांना तंजावरच्या शरफोजी महाराजांनी नजराणा पाठवून दरबारी पाचारण केले, त्यांनी तो परत केला, आणि ‘निधि चाल सुखमा’ ही कल्याणीतली कृती त्या प्रसंगी रचली, असे सांप्रदायिक मंडळी सांगतात. देहूच्या तुकोबांनी शिवछत्रपतींचा नजराणा परत पाठविल्याची कथा ज्याने लहानपणी ऐकली आहे, त्या मराठी माणसाला भोसले कुळातल्याच दुसऱ्या राजाच्या वाट्याला आलेला हा नकार परका वाटत नाही. थैली नाकारणारा संत आणि थैली देऊ करणारा राजा, अशी ही जोडी आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की, थैली स्वीकारून इमानाने काम करणारा जो तिसरा माणूस, त्याच्यासाठी आपल्या धर्मविचारात बसावयास पाटच उरलेला नाही.

वस्तुतः हा तिसरा माणूस तिरुवैयारुच्या कथेतही पावलोपावली भेटतो. त्यागराजांचे गुरू शोंठी वेंकटरमणय्या हे तंजावर दरबारचे नेमणुकीचे विद्वान होते. म्हणजे ज्याने दरबार नाकारला त्याची विद्या दरबाराचे अन्न खाल्लेल्या हातांनीच त्याला दिलेली होती. राजाचीही गोष्ट निराळी नव्हती. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनी सरकारच्या हवाली केल्यावर शरफोजी महाराज स्वतःच तनखेदार झाले होते, आणि गादीचा अर्थ गेल्यावर मागे उरलेल्या त्या रिकाम्या आयुष्यात त्यांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनीही ध्यानी घेण्यासारखी आहे. आणि ती समाधी? आज जिच्यापुढे सारे नतमस्तक होतात, ती वास्तू १९२० च्या दशकात उभी राहिली ती बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळातल्या गायिकेने मैफली करून मिळविलेल्या पैशातून. आराधनेत स्त्रियांना गाण्याची मनाई होती, तीविरुद्धही तीच झगडली. १९५२ साली ती वारली, आणि तिची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे. मोल नाकारणाऱ्याचे स्मारक मोल घेणारीने बांधले, यात मला विसंगती दिसत नाही. विसंगती असलीच तर ती आपल्या तराजूत आहे.

गीतेने कर्माच्या फळावरचा अधिकार काढून घेतला तो नेमका कोणत्या अर्थाने, हे पाहू गेल्यास वेतन म्हणजेच फळ असे कोठेही ठरत नाही. अर्जुन राज्यासाठी लढणार होता, आणि राज्य घेऊ नकोस असे त्यास सांगितलेले नाही. वेतन ही कर्माची शिदोरी होय. मिळणारी कीर्ती, धन्याची मर्जी, उद्याची शाश्वती हे फळ होय, आणि पगारी माणसाचा खरा मोह या दुसऱ्या गोष्टींत असतो. थैली नाकारणाऱ्याची परीक्षा दारातच होते आणि एकदाच होते. आत शिरलेल्याची मात्र रोज होत राहते, आणि ती पाहावयास कोणी कवी उपस्थित नसतो.

अशा परीक्षेचे जे उदाहरण मला सर्वांत निखळ वाटते, ते एका आयरिश फुटबॉलपटूचे आहे, हे ऐकून वाचकाने भुवया उंचावू नयेत. डब्लिन शहरी १९५६ साली जन्मलेला लियाम ब्रेडी पंधराव्या वर्षी घर सोडून लंडनच्या आर्सेनल संघाकडे गेला, सतराव्या वर्षी पगारी खेळाडू म्हणून करारबद्ध झाला, आणि १९८० साली इटलीतल्या युव्हेन्टस संघाने त्याला विकत घेतले. विकत घेतले, हा शब्द मी मुद्दाम मऊ करीत नाही, कारण त्या व्यवसायात तो तसाच चालतो. ब्रेडी मधल्या फळीत खेळे. मागच्यांनी अडविलेला चेंडू घ्यावयाचा, मान वर करून मैदान न्याहाळावयाचे, आणि डाव्या पायाने तो अशा जागी नेऊन ठेवावयाचा की गोल दुसऱ्याच्या नावे लागावा. फळ दुसऱ्याच्या हाती देण्याचा हा धंदाच म्हणावयाचा. इटलीत तेव्हा प्रत्येक संघास एकच परदेशी खेळाडू बाळगण्याची मुभा होती. ती १९८२ च्या हंगामापासून दोनांवर गेली, आणि पोलंडचा बोनिएक व फ्रान्सचा प्लातिनी या दोघांना युव्हेन्टसने करारात बांधले. पहिल्या हंगामात संघाला अजिंक्यपद मिळवून देण्यात मोलाचा वाटा असलेल्या ब्रेडीला जागा उरली नाही.

ही बडतर्फी त्याच्या कानी आली ती हंगाम संपण्यापूर्वी. युव्हेन्टस आणि फ्लोरेन्सचा फिओरेन्तिना हे संघ समान गुणांवर अग्रस्थानी होते, आणि १६ मे १९८२ रोजी शेवटचा सामना कातान्झारो येथे होता. सामना संपावयास पंधराएक मिनिटे उरली असता गोल झालेला नव्हता. तेवढ्यात युव्हेन्टसला पेनल्टी मिळाली. अकरा मीटरांवर चेंडू ठेवलेला, समोर एकटा गोलरक्षक, आणि चेंडूमागे तो माणूस, ज्याला हे अजिंक्यपद मिळाल्याने पुढल्या वर्षीची भाकर मिळणार नव्हती आणि ते हुकल्याने जाणारही नव्हती. ब्रेडीने तो मारला, गोल झाला, सामना एक-शून्य असा जिंकला गेला.

यात निष्कामता कसली, आपला लौकिक सांभाळण्याचा व्यावहारिक शहाणपणा तो, असे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पेनल्टी हुकविलेल्या खेळाडूला नवा धनी मिळताना अडचण पडते, हे कोण नाकारील? पण हाच आक्षेप त्यागराजांवरही घेता येतो, की थैली नाकारल्याने जी कीर्ती झाली ती थैलीहून मोठी होती. कर्त्याच्या अंतःकरणाचे दफ्तर प्रेक्षकाला तपासावयास मिळत नाही. गीतेचा उपदेशही कर्त्याला आहे, परीक्षकाला नव्हे. आपल्याला दिसते ते एवढेच, की सूड, रुसवा आणि हातचे राखून खेळण्याची सबब ही तिन्ही उपलब्ध असताना त्याने त्यांपैकी एकही वापरली नाही.

आमच्याकडे हा विचार आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. तंजावरच्या भोसल्यांनी जसे गाणे जोपासले तशी त्यांच्या कोल्हापूरच्या भाऊबंदांच्या ज्या राजधानीत फुटबॉलची परंपरा रुजली, त्या गावात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांचे सामने शाहू स्टेडियमवर खच्चून गर्दीत होतात, आणि कुस्तीच्या हौद्याशेजारी वाढलेली ही पोरे आज करारनाम्यावर सह्या करू लागली आहेत. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. या पोरांना पैशाच्या मागे लागू नका, असा उपदेश करणारे वडीलधारे मी पाहिले आहेत, आणि तो उपदेश मला अन्यायाचा वाटतो. पोराने पैसा जरूर घ्यावा, ठरवून घ्यावा, आणि करार नीट वाचून घ्यावा; करार संपत आला असताना तो सरावाला किती वाजता येतो, एवढेच काय ते घरच्यांनी पाहावे.

ब्रेडीने त्या गोलानंतर युव्हेन्टस सोडले आणि पुढल्या हंगामात तो जिनोआच्या सॅम्पदोरियाकडून खेळू लागला. ज्याच्यासाठी त्याला दूर केले तो प्लातिनी थोर खेळाडू निघाला, तेव्हा युव्हेन्टसच्या धन्यांचा हिशेब चुकला असेही म्हणता येत नाही. त्या वर्षीच्या तक्त्यात मात्र युव्हेन्टसचे गुण ४६ आणि फिओरेन्तिनाचे ४५ असेच नोंदले आहेत.