समुद्रात गेलेल्याचे श्राद्ध

समुद्रात मेलेल्या नौसैनिकाचा देह अनेकदा घरी येत नाही, आणि और्ध्वदेहिक, म्हणजे मृत्यूनंतरचे संस्कार, तर देहापासूनच सुरू होतात. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. चितेवर काय ठेवायचे, हा प्रश्न तेव्हा किती घरांपुढे उभा राहिला असेल!

याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यात लिहिलेले सापडते. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये, म्हणजे बाबा पाध्ये, यांनी 1790 च्या सुमारास 'धर्मसिंधु' रचला. देह न मिळाल्यास पर्णशरविधी करावा, ही जुनी व्यवस्था त्यात आहे. शरीरातल्या हाडांच्या जुन्या मोजणीप्रमाणे पळसाचे 360 देठ अंगोपांगी मांडायचे, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्या पुतळ्याला अग्नी द्यायचा. दहावे, तेरावे मग इतरांसारखेच. शस्त्राने किंवा पाण्यात मेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी राखलेली आहे.

पळसाच्या देठांनाही देहाचा मान देणारी ही व्यवस्था फार माणुसकीची आहे. पण श्राद्धात उच्चार होतो तो नाव, गोत्र आणि वसु-रुद्र-आदित्य या रूपांचा. हुद्दा नाही, जहाज नाही. तीन पिढ्या उलटल्या की पिंडावरचे नावही गळते.

वीरगळाची, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ कोरलेल्या दगडाची, तऱ्हा वेगळी. बोरिवलीजवळच्या एकसरला तेराव्या शतकातले मानले जाणारे वीरगळ आहेत. वल्ह्यांच्या ओळी असलेली गलबते, खाली झुंज, वर स्वर्गात शिवपूजा करणारा वीर. लढाई दगडात राहिली. लढणाऱ्यांची नावे मात्र आज खात्रीने सांगता येत नाहीत. शिवाय वीरगळ रणात पडलेल्याचा. नोकरी पुरी करून घरी परतलेल्या आणि म्हातारपणी अंथरुणावर गेलेल्या माजी नौसैनिकाला दगड कोण उभारणार?

इथे सोलापूरचीच दुसरी परंपरा उपयोगी पडते. तळ्याने वेढलेल्या मंदिरात बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. त्यांना मानणारा वीरशैव लिंगायत समाज मृत्यूला लिंगैक्य म्हणतो. त्यांच्या मूळ विचारात पिंडदानाला जागा नाही. या परंपरेतल्या संतांनी, म्हणजे शरणांनी, मोल दिले ते कायकाला, म्हणजे निष्ठेने केलेल्या कामाला. इंजिनाच्या उष्ण खोलीत काढलेले पहारे, हे कायकच. माणसाचे आयुष्य आठवायचे तर श्राद्धाच्या नामोच्चाराइतकेच हेही आठवले पाहिजे. त्यात श्राद्धाला कमीपणा येत नाही.

वर्षश्राद्धाला पाने मांडली जातात, घर भरलेले असते. त्या दिवशी नाव-गोत्राबरोबर जहाजाचे नाव आणि त्यावर केलेले कामही नातवंडांना सांगावे. नोकरीचे जुने पुस्तक ट्रंकेत असेल, तर ते त्या दिवशी बाहेर काढावे.