जीर्ण आणि फाटके

आपटलेला कॅमेरा दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न लोक पैशाचा समजतात. मी पडलो बी. कॉम., तेव्हा आधी पैशाचंच बघू.

बारावीतल्या भाच्याच्या हातून सांदण दरीत आमचा कॅमेरा दगडावर आपटला. लेन्सची कडा चेपली, आतली फोकसची मोटर बसली. कॅमेरा दहा वर्षांपूर्वी 40,000 रुपयांना घेतलेला. घसरत्या शिल्लक पद्धतीने दरसाल 15 टक्के घसारा काढला, तर आज त्याची किंमत भरते 7,875 रुपये; आणि दुरुस्तीचा अंदाज 8,500! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मात्र ह्या पद्धतीत एक गंमत आहे. किंमत दरसाल उतरते, पण शून्य कधीच होत नाही. हे हिशेबनिसाला कळतं, घरच्यांना पटत नाही.

"नवाच घ्या," ही म्हणाली. शेजारचे अण्णा तर थेट गीतेवर गेले. "अहो, जीर्ण वस्त्र टाकून माणूस नवं घेतो, असं खुद्द भगवंत सांगतात. तुमचं काय अडलंय?"

आता गीतेचा अर्थ आमच्या जिल्ह्यात जरा जपूनच सांगावा. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये इथेच, नेवाशाला सांगितली गेली. (2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, नेवासे होतं तिथेच आहे.) मी अण्णांना म्हटलं, "भगवंत जीर्ण म्हणतात, फाटकं म्हणत नाहीत. खिळ्याला अडकून फाटलेला कोट आपण रफूवाल्याकडे नेतो, चितेवर नाही." कॅमेरा झिजला नव्हता, त्याला अपघात झाला होता.

"पण मोटर बदलली, कडा बदलली, की तो तुमचा जुना कॅमेरा उरला कुठे?" अण्णा हटेनात. हा प्रश्न ग्रीक राजा मिलिंदाच्या वेळेपासून चालू आहे. भिक्षू नागसेनाने त्याला विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. पण आला होता रथातूनच.

2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. हक्क वस्तूच्या मालकाचा, हे ठीकच. पण वस्तू ज्याच्या हातून पडली त्याचं काय? भाचा म्हणाला, "मामा, मी पैसे भरतो. थोडे थोडे." त्या दिवसापासून पोराने कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. नवा आणला असता, तर घरात त्याचं नाव 'कॅमेरा पाडणारा' असं कायम झालं असतं. नवी वस्तू दिसली, की आलेल्या प्रत्येक पाहुण्याला जुनीची कथा सांगितली जाते. दुरुस्त झालेली वस्तू मात्र गुपचूप कामाला लागते.

माळीवाड्यातल्या कारागिराने 8,500 घेतले. भाच्याने खिशातून 500 काढले, ते मी घेतले. परत केले असते तर त्याचा अपमान झाला असता. (हिचं मत वेगळं आहे.) येत्या रविवारी तो रेहेकुरीला काळविटांचे फोटो काढायला चाललाय. पट्टा गळ्यात अडकव, एवढंच मी सांगितलं.